सुपारी फुटेपर्यंत

आमच्या शहरात पाहुणा आला की त्याला लेणी दाखवायची, हा कायदा कुणी केला ते माहीत नाही, पण पाळला मी. लग्न होऊन आले तेव्हापासून माहेरचे, सासरचे, नवऱ्याच्या ऑफिसातले, एवढंच काय, शेजारणीच्या जावेचे पाहुणेसुद्धा मी अजिंठ्याला नेऊन आणलेत. त्या पायऱ्यांनी माझे गुडघे खाल्ले. शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी घरी येऊन मी जाहीर केलं, की यापुढं मी कुणाला दगड दाखवणार नाही. मला समुद्र बघायचाय.

नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "मग पैठणला जाऊ रविवारी."

बघा! जन्मभर हेच. जायकवाडीच्या काठाला गाडी लावायची, हातात भेळेचा कागद घ्यायचा आणि म्हणायचं, "हाच आपला समुद्र." पाऊस चांगला झाला की पलीकडचा काठ दिसत नाही हे खरं, पण काठ दिसला नाही म्हणून काय धरणाला लाटा फुटतात? मी आदळआपट केली. आमच्या घरात माझ्या आदळआपटीला कुणी भीत नाही, पण भांडी फुटतील म्हणून ऐकतात.

तर समृद्धी महामार्ग पार मुंबईच्या तोंडाशी पोचला आणि माझं घोडं गंगेत न्हालं. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही अंधारातच निघालो. आम्ही म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. ऐंशीच्या घरात आहेत, ऐकू कमी येतं, नाक मात्र असं तल्लख की वरच्या मजल्यावर कुणाची फोडणी करपली तर खाली बसून सांगतील. आमची एकुलती एक मुलगी नाशकात नोकरीला आहे. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांची तपासणी करतात तसल्या एका प्रयोगशाळेत. ती इगतपुरीपाशी आमच्या गाडीत बसली आणि ऊन चढेस्तोवर आम्ही पालघरकडच्या एका गावी वाळूत उभे होतो.

काय सांगू! सुरूची झाडं, दोरीवर वाळत घातलेले बोंबील, आणि समोर ते सगळं पाणीच पाणी. मला रडू आलं. उगीच नाही, खरंच आलं. आत्याबाईंनी हात जोडले, बोट बुडवून पाणी जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. म्हणाल्या, "एवढं पाणी, आन् एक गुंठा भिजायचा नाय." नवऱ्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला वाळूत काढल्या आणि पाण्यात जाऊन उभा राहिला. लाट आली की मागं पळायचा, गेली की पुढं. साठीचा माणूस. मी त्याला इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

तीच वेळ साधली आमच्या पोरीनं. त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मला एक मुलगा आवडलाय."

"अरे वा," हा अजून लाटेच्याच नादात. "काय करतो?"

"वाइन करतो. नाशकातच, एका कारखान्यात."

"म्हणजे दारू."

"द्राक्षाची वाइन, बाबा."

"म्हणजे दारूच."

एवढं बोलून तो वळला आणि अनवाणीच चालत जाऊन गाडीत बसला. एक चप्पल लाटेनं नेली ती नेलीच. उरलेली दुसरी मी उगीचच उचलून आणली.

आता हे कळायला माझ्या सासऱ्यांची गोष्ट सांगावी लागेल. मी त्यांना पाहिलेलं नाही. लासूर स्टेशनजवळ यांची जमीन. सासरे बाजाराला कांदा घेऊन जायचे, येताना गाडी रिकामी आणि माणूस भरलेला. कधीकधी यायचेच नाहीत. मग आत्याबाई जायच्या आणि स्टेशनाबाहेरच्या लिंबाखाली बसून राहायच्या, कुठल्यातरी गुत्त्यातून माणूस बाहेर येईल म्हणून. एकदा पापड लाटताना त्या मला म्हणाल्या होत्या, "दारातच वास घ्यायची म्या. वासावरनं कळायचं, आज मार हाय का आज रडणं." बस, एवढंच. मीही खोदून विचारलं नाही. नवरा कॉलेजात असताना त्याचे दादा, म्हणजे माझे सासरे, दारूनंच गेले. तेराव्याला यानं तुळशीची माळ घातली आणि कानाला खडा लावला. कुणाच्या हळदीत बाटली दिसली तरी हा न जेवता परत येतो. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, आमचा तर पाणीसुद्धा वास घेऊन पितो.

आणि अशा माणसाच्या पोरीनं दारू करणारा मुलगा आणावा! आहे की नाही कमाल?

संक्रांत आली, गेली. घरात कुणी भांडलं नाही, तेच वाईट होतं. मी भांडणारी बाई आहे, भांडण झालं की मला बरं वाटतं. पण हा नुसता मूग गिळून बसला. मुलगी फोनवर रडली नाही, रुसली नाही. एवढंच म्हणाली, "आई, बाबांनी एकदा येऊन त्याला बघावं. बघूनही नाही म्हणाले तर मी हा विषय परत काढणार नाही, आणि दुसऱ्या कुणाचाही काढायचा नाही." पोरगी माझी आहे. बोलली की बोलली. याचा नकार आला असता तर ती जन्मभर हसतमुखानं सणाला घरी आली असती, बापाला तिळगूळ दिला असता आणि आतून वाळत गेली असती. आणि याच्यावर जबरदस्ती करावी तर त्याच्या गळ्यातली माळ मला दिसायची. कुणाच्या बाजूनं बोलू?

शेवटी मी माझी युक्ती काढली. म्हटलं, "द्राक्षाचा हंगाम आहे, बागा बघून येऊ. दिवसात जाऊन दिवसात परत."

"मला काय लहान पोर समजतेस?" नवरा म्हणाला. मग पेपराची घडी घालून म्हणाला, "जाऊ. पण रीत पाळायची."

रीत अशी, की आमच्या सासरी सुपारी फुटेपर्यंत, म्हणजे लग्न पक्कं होईपर्यंत, मुलीकडच्यांनी मुलाच्या हातचं पाणीदेखील प्यायचं नाही. पाणी प्यालं की होकार दिल्यासारखं होतं. म्हणून मी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा, आणि पाण्याचा हा एवढा कॅन भरून घेतला. आत्याबाई आधीच लुगडं नेसून दारात. "तुम्ही कशाला दगदग करता?" म्हटलं तर म्हणाल्या, "व्हय, मला घरी ठिवून तुमी द्राक्षं खावा."

निघालो तर क्रांती चौकातच घोडं अडलं. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं गुटख्याची पिचकारी टाकली आणि नवऱ्यानं काच खाली केली. "रस्ता काय तुझ्या घरची मोरी आहे का?" रिक्षावाला म्हणाला, "अंकल, टेन्शन नक्को लेव." झालं, सिग्नल सुटेपर्यंत दोघांची तकरार. थुंकणारा माणूस दिसला की याचं डोकंच फिरतं. मी मनात म्हटलं, देवा, सुरुवातच अशी, पुढं काय वाढून ठेवलंयस!

येवल्याच्या पुढं द्राक्षबागा सुरू झाल्या आणि मी सगळं विसरून काच खाली केली. मांडवाखाली घड लोंबलेले, बायका पाट्या भरताहेत, रस्त्याला ट्रॅक्टर लागलेले. कारखाना नाशिकच्या पलीकडं धरणाच्या काठाला होता. मला वाटलं होतं धूर, नळकांडी, आणि आपल्याकडच्या गुत्त्यासारखा भपकारा. तर कसलं काय! हिरवळ, पाण्याकडं तोंड केलेल्या खुर्च्या, मुंबईकडनं आलेल्या पोरी मोठाल्या टोप्या घालून फोटो काढताहेत. नवऱ्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधले. कुठल्या खुर्चीला, टेबलाला, कशालाही हात लागू नये म्हणून.

मुलगी पुढं आली, तिच्यामागं तो. उन्हानं रापलेला, साधा, हाताची बोटं जांभळी. निफाडकडच्या शेतकऱ्याचं पोर. "काका, काकू," म्हणून आमच्या पाया पडला. नवऱ्यानं पाय मागं घेतले नाहीत, पण आशीर्वादही दिला नाही. मग तो आत्याबाईंसमोर वाकला. त्यांनी त्याला उठूच दिलं नाही. त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरून अगदी आपल्या तोंडाशी ओढलं, बराच वेळ तसंच धरलं आणि मग अलाबला घेऊन कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. पोरगा बिचारा लाजला. मला वाटलं, म्हातारपणी नजर कमी झाली म्हणून जवळून बघताहेत.

"आजी, चहा सांगू?"

"आम्ही काही घेत नाही," नवरा मध्येच म्हणाला.

पोरानं मुलीकडं पाहिलं, तिनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. मग तो आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेला, तिथं द्राक्षं पिळण्याचं काम चालू होतं. क्रेट उलटे होत होते, काड्या एकीकडं, रस एकीकडं. वास असा गोड की माशा आणि मी, दोघींनाही तिथून हलवेना. त्यानं नळाखाली स्टीलची वाटी धरली आणि आत्याबाईंपुढं केली. "आजी, हा नुसता रस. आत्ता पिळलेला, अजून ह्याचं काहीसुद्धा झालेलं नाही."

"अहो, ती घेत नाही..." नवरा म्हणेस्तोवर आत्याबाईंनी उजव्या हाताची ओंजळ पुढं केली, डावा हात खाली लावला, रस घेतला, प्यायल्या आणि ओला तळवा डोक्यावरून फिरवला. तीर्थ घेतात तसा!

"माय! अगं काय केलंस!"

"तीर्थ व्हतं ना?" आत्याबाई निरागसपणे म्हणाल्या.

क्रेट उचलणाऱ्या बायका हसून हसून वाकल्या. मुलगी हसली, तो हसला, मला तर उभं राहवेना. नवरा एकटा लालबुंद. "हे चुकून झालं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हे धरायचं नाही. म्हाताऱ्या माणसाला कळत नाही." मला मात्र आतून बरं वाटलं होतं. चुकून का होईना, आमच्यातल्या कुणाच्या तरी पोटात त्या पोराच्या हातचं काहीतरी गेलं होतं.

मग पोरगा म्हणाला, मला अर्धा तास द्या, पिंपं तपासायची आहेत, ते थांबवता येत नाही. आत थंडगार तळघर, लाकडी पिंपं रांगेनं मांडलेली. आम्ही दारातच थांबलो. तो काचेची लांब नळी पिंपात सोडायचा, ग्लासात थोडी घ्यायचा, हुंगायचा, तोंडात घेऊन चूळ भरल्यासारखी खळखळ फिरवायचा आणि पायाशी ठेवलेल्या स्टीलच्या बादलीत थुंकायचा. मग खडूनं पिंपावर खूण. पुढचं पिंप, पुन्हा तोंडात, पुन्हा बादलीत.

मी नवऱ्याकडं पाहिलं. म्हटलं, संपलं. थुंकताना पाहिला, आता हा इथंच भांडण काढणार. त्याचे पाठीमागं बांधलेले हात सुटले. तो एक पाऊल आत गेला, मग आणखी एक, आणि त्या पोरापासून हातभर अंतरावर जाऊन उभा राहिला.

"गिळत नाहीस?"

"नाही, काका."

"थोडीपण?"

"गिळलं की जीभ खोटं बोलायला लागते. चार पिंपं झाली की सगळंच चांगलं लागतं. मग माल बिघडतो."

"आणि घरी?"

पोरानं नळी पिंपावर आडवी ठेवली. मागं उभ्या असलेल्या माझ्या मुलीचा श्वास मला ऐकू येत होता. मनात म्हटलं, सांग रे बाबा, कधीच नाही असं सांगून मोकळा हो. तर म्हणाला, "खोटं नाही सांगणार. दिवाळीला घेतो, जेवताना अर्धा ग्लास. एखादा माल फार चांगला निघाला तर. तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे मला."

पोरानं पुढच्या पिंपात नळी घातली. तोंडात घेतली, फिरवली, बादलीत टाकली. नवरा बघत राहिला. देवळात आरती चालू असताना माणूस उभा राहतो तसा उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याजवळ आला तेव्हा हळूच म्हणाला, "तोंडात गेलेली बाहेर टाकता येते, हे मला माहीतच नव्हतं गं. आमच्या दादांना कधी जमलंच नाही."

मी, जिच्या तोंडाला कधी खीळ नसते, ती नुसती त्याची बाही धरून उभी राहिले.

धरणाच्या काठाला एका झाडाखाली आम्ही आमच्या दशम्या खाल्ल्या, आमचंच पाणी प्यालो. पोरगा लांब उभा होता, जवळ यायची त्याची हिंमत नव्हती. निघताना नवऱ्यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "येतो." बाकी हो नाही की ना नाही. ती फाटकापाशी उभी राहिली. गाडी वळेपर्यंत मी मागं बघत होते, तिनं हात हलवला नाही. राग आला हो मला नवऱ्याचा. एवढं रडलास, मग एक शब्द बोलायला काय झालं होतं?

गाडीत बसल्यावर म्हणाला, "जुन्या रस्त्यानंच जाऊ." समृद्धीनं लवकर पोचलो असतो, पण मी फुगले होते, बोलले नाही. येवलं गेलं, वैजापूर गेलं. आत्याबाई मागच्या सीटवर द्राक्षांचा एक घड मांडीवर घेऊन पेंगत होत्या. तो घड त्यांना कुणी दिला, कधी दिला, देव जाणे.

लासूर स्टेशन आलं. या गावातून जाताना हा कधी थांबत नाही. चहाला नाही, पाण्याला नाही. आज बाजारापाशी आल्यावर गाडी हळू झाली आणि कडेला लागली. हा उतरला, समोरच्या किराणा दुकानात गेला. कशाला उतरला? काय आणतोय?

परत आला तो पुढच्या सीटवर बसलाच नाही. मागचं दार उघडून आईच्या पायाशी, रस्त्यावरच उकिडवा बसला आणि तिच्या हातात कागदाची पुडी दिली. आत सुपारी होती.

"माय," तो म्हणाला, "या गावात तुझं काय काय गेलं ते मला माहीत आहे. मला ते पोरगं पटलं. पण शेवटचं तू सांग. तू नाही म्हणालीस तर नाही."

आत्याबाईंनी पुडी उलगडली, सुपारी नाकाशी नेली, परत बांधली.

"येडा हायस. म्या तर कवाच त्याच्या हातचं पिऊन बसले."

"अगं, ते तू तीर्थ म्हणून..."

"तीर्थ आन् रस मला कळत नाय व्हय रे? तू आडवा आला असता म्हणून तीर्थ केलं." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तोंडाचा वास घेतला म्या त्याच्या, पाया पडला तवाच. सकाळधरनं दारूत राबतंय पोरगं, आन् तोंडाला वास कशाचा, तर चहाचा! मंग पिले."

नवऱ्यानं आईच्या मांडीवर डोकं टेकवलं आणि तो हमसून हमसून रडायला लागला. मीही रडत होते आणि रडता रडताच पोरीला फोन लावत होते. मागं एक टेम्पो हॉर्न वाजवत होता, येणारे-जाणारे वाकून बघत होते, कुणाचं काय झालं म्हणून. आत्याबाईंनी सुपारी कनवटीला खोचली, लेकाच्या पाठीवर थाप मारली आणि खिडकीतून बाहेर, स्टेशनाकडं पाहिलं.

"ऊठ, गाडी हाण आता," त्या म्हणाल्या. "हितं लई बसले म्या, तुझ्या बापाची वाट बघत."